पाच बाटल्या स्वच्छ पाणी

कारखान्याच्या खिडकीत पाच बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या. पाचहींतलं पाणी इतकं स्वच्छ होतं की ते बघून फरंगीसला रडू येत होतं.

स्वच्छ पाणी बघून रडणारी बाई अख्ख्या यझ्द गावात दुसरी सापडली नसती. पण फरंगीसनं केलेलं यंत्र होतंच मुळी पाणी घाण करण्यासाठी. घरातली धूळ नळीनं ओढायची, पाण्याच्या भांड्यात बुडवायची आणि धुतलेली हवा खोलीत परत सोडायची, असं ते यंत्र. धूळ पाण्यात राहिली तर पाणी गढूळ व्हायला हवं. पाच घरांत पाच यंत्रं तीन आठवडे फिरली, आणि पाचही घरांतून आलं ते हे असं पाणी. एखाद्या बाटलीत दुधाचा थेंब पडल्यासारखी ढगाळ छटा होती, बाकी काही नाही. त्याचा चहा करून पाहुण्याला दिला असता तर पाहुण्यानं दुसरा पेला मागितला असता.

"धूळ पाण्यात शिरते आणि तशीच पलीकडून बाहेर पडते," जलील आघा म्हणाला. कारखाना त्याचा. गेली पंचवीस वर्षं तो तिथे उन्हाळ्याचे कूलर बनवत होता. गालात साखरेचा खडा धरून चहा पिता पिता बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा त्याच्या तोंडून पाकात घोळून यायची. "बाटल्यांवर नावं तूच लिहिलीस ना? ही बघ एशरत खानुमची. तिच्याकडे चार नातवंडं दिवसभर धिंगाणा घालतात, आणि पाणी असं?"

"इथे वाळू टाकून बघितलं तेव्हा सगळी वाळू पाण्यात राहिली होती."

"इथली वाळू वेगळी आणि गालिच्यातली धूळ वेगळी, मोहंदेस खानुम." इंजिनीअरबाई म्हणून तो तिला अशीच हाक मारायचा. "ती पिठाहून बारीक." त्यानं पेला खाली ठेवला. "तू हुशार आहेस, तुझी जागा माझ्या डोळ्यांवर. पण नवरोज तोंडावर आलाय आणि शनिवारी मला साचे टाकायचेत. मी आपला कापडी पिशवीवाला क्लीनर करतो. शनिवारी सकाळी तुझ्या यंत्रांच्या मोटारी काढून घेऊ."

कापडी पिशवीवाले क्लीनर फरंगीसला चांगले ठाऊक होते. पुढून कचरा ओढायचा आणि मागून बारीक धूळ खोलीभर फुंकायची, हा त्यांचा धर्म. ती बारीक धूळ तिच्या बाबांना सोसत नव्हती.

बाबा म्हणजे यदुल्ला पिंजारी; कसबी कारागीर म्हणून गाव त्यांना ओस्ता म्हणायचं. चाळीस वर्षं ते खांद्यावर कापूस पिंजायची कमान टाकून यझ्दच्या गल्ल्यांतून फिरले. लोकांच्या अंगणात बसून रजया उसवल्या, दबलेला कापूस कमानीच्या तातीवर थरथरवून ढगासारखा फुलवला, पुन्हा भरला, टाके घातले. कापूस रजयांत गेला तसा थोडा थोडा त्यांच्या छातीतही गेला. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कमान हातातून सोडवली. तेव्हापासून दर वर्षी वर्षाचा शेवटचा इस्फंद महिना लागला, नवरोजसाठी घरोघरी झटकाझटक सुरू झाली, की ओस्तांना ताफ्त गावी त्यांच्या बहिणीकडे पाठवलं जायचं. तीन आठवडे. इकडे गालिचे उचलायचे, गाद्या बडवायच्या, भिंती झाडायच्या, आणि सगळं लखलखीत झालं की त्यांना परत आणायचं. पहिली दोनचार वर्षं ते हसत गेले. गेल्या वर्षी परत आले तेव्हा उंबऱ्यात जोडे काढून उभेच राहिले आणि बायकोला म्हणाले, "बसू कुठे?" आपल्याच घरात माणूस असं विचारतो, हे फरंगीसच्या काळजात रुतून बसलं.

त्यातून या हिवाळ्यात त्यांना दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आणखी किती नवरोज, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. फरंगीसनं मनाशी ठरवलं होतं, या वर्षी बाबा घरात असताना घर झटकलं जाईल. तिचं सगळं यंत्र या एका हट्टातून निघालं होतं.

पाण्याची कल्पना कूलरनं दिली. दर वसंतात कूलर उघडला की ओल्या गवताच्या जाळीखाली चार बोटं चिखल निघतो. वर्षभर वाळवंटातून आलेली हवा त्या ओलाव्यातून गेली आणि धूळ तिथेच ठेवून आली. मग घरातली धूळ का नाही ठेवणार?

पण पहिल्या आठवड्यानंतर आलेल्या बाटल्याही अशाच स्वच्छ निघाल्या तेव्हा ती चक्रावली होती. आणि मग एका दुपारी तिला स्वप्न पडलं होतं. त्यात ती धुळीचा एक कण होती आणि बुडबुड्यात बसली होती. बुडबुड्याच्या भिंती चकाकत होत्या, बाहेर सगळीकडे पाणी होतं, हिरवं, शांत, आणि ती मात्र आत कोरडी ठणठणीत. बुडबुडा हळूहळू वर चालला होता. खालून कुणीतरी तिला हाका मारत होतं, तिला थांबायचं होतं, पण बुडबुड्याला दार नव्हतं. तो पाण्याच्या वर आला, फुटला, आणि ती हवेत उडाली. पापणीसुद्धा भिजली नव्हती.

जाग आली तेव्हा चूक सापडली होती. धूळ बुडबुड्याच्या पोटात बसून पाणी ओलांडते. बुडबुडाच फोडायला हवा. दुसऱ्या दिवशी तिनं भांड्याच्या घशात पोलादी तारा ताणून बसवल्या, अगदी जवळजवळ, इतक्या की मोठा बुडबुडा त्यांतून जाताना चिरून त्याचे बारीक बुडबुडे व्हावेत. यंत्राचा आवाज बदलला. आधी ते गटगट करायचं, आता उकळत्या समोवारासारखं बारीक गुणगुणायला लागलं. तिला वाटलं, जमलं. यंत्रं पुन्हा पाचही घरी गेली.

आणि आता खिडकीत या पाच बाटल्या होत्या.

*

गुरुवारी दुपारी ती घरी आली आणि न जेवता कोर्सीत पाय घालून पडली. बुटक्या मेजाखाली शेगडी, वर बाबांच्या हातची मोठी रजई, आणि त्या रजईखाली कंबरेपर्यंत ऊब. समोर बाबा उशीला टेकून बसले होते. गरम पाण्यात खडीसाखर विरघळत होती आणि ते चमचा हलवत होते. चमच्याच्या किणकिणीत फरंगीसचा डोळा लागला.

या वेळी स्वप्नात ती एका घरातून दुसऱ्या घरात जात होती. हातात यंत्राची नळी होती आणि ती धूळ शोधत होती. गालिचा उचलला, खाली काही नाही. कोनाड्यात बोट फिरवलं, बोट कोरं. मग तिला जाणवलं की घरात अंधार आहे. घुमटाच्या झरोक्याबाहेर भरदुपारचं ऊन होतं, पण आत कवडसा नव्हता. घरातल्या बायका भिंतीला लागून ओळीनं बसल्या होत्या आणि डोक्यावरून घेतलेल्या चादरीच्या आड तोंड लपवून तिच्याकडे बघून हसत होत्या.

ती दचकून उठली. बाबा अजून चमचाच हलवत होते.

"काय गं?"

तिनं स्वप्न सांगितलं. "ऊन होतं, बाबा, पण कवडसाच दिसत नव्हता."

"धूळ असल्याशिवाय कवडसा दिसत नाही, पोरी," बाबा म्हणाले. त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यानं यायचं, मध्ये श्वासाला जागा ठेवून. "तिथे धूळ नसेल."

"स्वप्नात नव्हती. खऱ्या घरांत आहे ना! तीच तर माझ्या पाण्यात सापडत नाहीये."

"कसली घरं? कुणाची?"

तिनं नावं सांगितली. बाबा ऐकत गेले, आणि एशरत खानुमचं नाव आल्यावर त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू. स्वयंपाकघरातून तूबा, फरंगीसची आई, हातातला कालथा तसाच घेऊन धावत आली. "काय सांगितलंस त्यांना? मारतेस का बापाला?"

ओस्तांनी हातानंच तिला बस म्हणून खुणावलं. श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले, "चाळीस वर्षं रजया उसवल्या मी. माझं काम काय? मळलेला कापूस झाडणं. पण एशरत खानुमनं मला कधी मळकी रजई दिली नाही. मी यायच्या आदल्या दिवशी ती रजई गच्चीवर नेऊन काठीनं बडवायची. खोळ धुवायची. मग म्हणायची, ओस्ता, फार घाण झालीये हो, माफ करा. आणि आतून निघायचं काय? बर्फासारखा कापूस."

"पण का?"

"का म्हणजे? मी घाण बघणार होतो ना!" त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आणि मी तर फक्त बघायचो. तू ती बाटलीत भरून, वर नाव लिहून, पुरुषमाणसांच्या कारखान्यात खिडकीत मांडून ठेवतेस."

फरंगीसनं हळूच मान वळवून आईकडे बघितलं. पाचवं घर त्यांचं स्वतःचं होतं. पाचव्या बाटलीवर तूबा असं नाव होतं.

"मामान?"

"भात लागेल माझा," म्हणत तूबा उठली.

"मामान, यंत्र फिरवायच्या आधी तू झाडत होतीस?"

"झाडत कशाला?" तूबा दारात थांबली. "नुसतं झाडून काय होतं? आधी ह्यांना अंगणात बसवून जुना क्लीनर फिरवायचे, मग ओल्या फडक्यानं गालिचा पुसायचे, मग तुझं यंत्र." ती आता चांगलीच तापली. "मग काय करायला हवं होतं? ते भांडं काचेसारखं पारदर्शक! सगळं दिसतं! आणि ते जाणार कुठे, तर जलील आघाच्या समोर. त्याची बायको उद्या हमामात चार बायकांना सांगेल, तूबाच्या घरी चिखल निघाला म्हणून. आयुष्यभर अब्रूनं राहिले मी!"

"तीन आठवडे! आणि एक शब्द बोलली नाहीस?"

"तू विचारलंस का?"

फरंगीसनं तिला विचारलं नव्हतं. कुणालाच विचारलं नव्हतं. फॉर्म भरून घेतले होते आणि पाचही फॉर्मांवर 'यंत्र अप्रतिम, तुमचे हात कधी न दुखोत' एवढंच होतं. तिला आधी प्रचंड राग आला, मग हसू आलं. नसलेल्या धुळीसाठी तिनं तारा बसवल्या, रात्रंदिवस डोकं शिणवलं. यंत्र चालतं की नाही, हे मात्र आजही कुणालाच ठाऊक नव्हतं. हातात एकच दिवस होता आणि या गावात घाणेरडं घर मागून कुणी देणार नव्हतं.

"घाणेरडी खोली पाहिजे ना?" बाबा म्हणाले. "माझी आहे."

*

मागच्या अंगणापलीकडे ती खोली. ओस्तांनी कमान भिंतीला टांगली त्या दिवशी तिला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आत जुन्या कापसाची पोती, उसवलेल्या खोळी, एक जुनाट गालिचा. नऊ वर्षांत तूबानं त्या किल्लीसाठी भांडण काढलं नाही असा एकही नवरोज गेला नव्हता.

शुक्रवारी दुपारी फरंगीसनं जलील आघाला बोलावून घेतलं. सुटीच्या दिवशी, जेवल्याबरोबर, तो कुरकुरत आला. कुलूप निघालं. दार उघडल्याबरोबर सगळे दोन पावलं मागे सरले. झरोक्यातून एक जाडजूड कवडसा तिरका उतरला होता आणि त्यात धूळ अशी दाटली होती की तो हातानं बाजूला सारता येईल असं वाटावं.

"बाबा, तुम्ही अंगणात थांबा."

ओस्तांनी एक पोतं ओढलं आणि दारातून आत, भिंतीला टेकून, त्यावर बसले.

"बाबा!"

"तुझ्या कारखान्यात वजनाचे काटे असतील," ते म्हणाले. "बारीक धुळीला माझ्या छातीसारखा काटा नाही. चालू कर."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" तूबाचा आवाज चिरकला. "फरंगीस, उठव त्यांना! मला नको तुझं यंत्र, नको काही. जाऊ दे त्यांना ताफ्तला."

"मी ताफ्तला जाणार नाही," ओस्ता म्हणाले. आवाज चढवायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून ते नेहमीपेक्षाही हळू बोलले. "तिथे मला काही कमी नाही. पण तिथून मी रोज घराच्या दिशेनं तोंड करून बसतो. या वर्षी इथे बसेन. चालू कर, पोरी."

बापाला मारायचं यंत्र आपण केलंय की जगवायचं, हे फरंगीसला ठाऊक नव्हतं आणि ती भीती तिच्या तोंडात कडू लागत होती. तिनं बटण दाबलं.

पाणी गुणगुणायला लागलं. तिनं नळी गालिच्यावर टेकवली. एक पट्टा, मग दुसरा. ती भांड्याकडे बघत नव्हती. ती बाबांच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत होती, तो आत जात होता, वर येत होता, आत जात होता. मध्येच ते खोकले, आणि तिचा हात थबकला. त्यांनी मानेनंच 'चालू दे' म्हटलं. एकच खोकला आला तो. त्यानंतर आला नाही. नळी पोत्यांवरून गेली, खोळींवरून गेली, भिंतीच्या कडेनं गेली. कमानीखाली ती जरा रेंगाळली. ताणलेली तात यंत्राच्या आवाजानं आपोआप, ऐकू येईल न येईल अशी, घुमायला लागली. ओस्तांनी डोळे मिटले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आपण पुन्हा कोर्सीत झोपलोय आणि हे तिसरं स्वप्न आहे, असं फरंगीसला वाटत राहिलं. पाण्याचा आवाज, तातीचा आवाज, आणि त्यांच्यामधून बाबांचा श्वास. कवडसा फिकट होत होता. आधी त्याच्या कडा गेल्या, मग वरचा भाग, आणि मग तिनं डोळे चोळून बघितलं तर झरोका होता, जमिनीवर उन्हाचा चौकोन होता, पण मधे काही नव्हतं.

तिनं यंत्र बंद केलं. शांततेत बाबांचा श्वास ऐकू आला. बारीक शिट्टी होती त्यात, रोज असते तेवढीच. ते झोपले होते.

जलील आघा गुडघ्यांवर बसून भांड्याकडे बघत होता. आत पाणी नव्हतंच, काळपट राखाडी लापशी होती आणि तिच्यावर भिजलेल्या कापसाची साय. "या अल्ला," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या गालात साखर नव्हती.

तूबानं आपल्या चादरीचा पदर पुढे करून भांडं झाकायचा प्रयत्न केला. "आघा, ही खोली आम्ही वापरत नाही हो. तुम्ही असं समजू नका की आमच्या घरात..."

"बाटलीत भर," ओस्ता डोळे न उघडताच म्हणाले. "आणि वर माझं नाव लिही. यदुल्ला पिंजारी. पूर्ण लिही, म्हणजे दुसऱ्या कुणाचं वाटायला नको."

जलील आघानं ती बाटली स्वतःच्या हातानं उचलली. शनिवारी सकाळी मोटारी कुणी काढल्या नाहीत. साचे टाकायच्या आधी फरंगीसनं एकच गोष्ट बदलायला लावली: भांडं दुधी प्लास्टिकचं करायचं, आतलं दिसणार नाही असं.

"मग गिऱ्हाइकाला घाण निघालेली कळणार कशी?" जलील आघा वैतागला.

"ती एकटी असताना ओतून देईल. तिला कळलं की पुरे."

*

इस्फंदच्या शेवटच्या आठवड्यात तूबानं डोक्याला फडकं बांधलं आणि घर उलटंपालटं केलं. पडदे उतरले, भांडी अंगणात आली, गालिचे गुंडाळले गेले. ताफ्तहून बहिणीचे दोन फोन आले, खोली तयार आहे म्हणून. ओस्ता गेले नाहीत. खुर्ची घेऊन ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिले, आणि तूबाला ज्या खोलीत काम असेल नेमके तिथेच दाराशी बसायचे. यंत्र गुणगुणत होतं. दारात उभी राहून काचा पुसणारी फरंगीस दोघांकडे बघत होती.

"अहो ओस्ता, पाय वर घ्या!" तूबा यंत्राच्या आवाजावरून ओरडली. "नऊ वर्षं कसं शांतपणे काम उरकायचे मी! जाल तिथे मध्ये मध्ये! घ्या ना वर!"

ओस्तांनी दोन्ही पाय उचलले. तूबानं खुर्चीखालून नळी फिरवली आणि ती पुढे सरकली. बऱ्याच वेळानं तिनं मागे बघितलं तर पाय अजून वरच होते, आणि ओस्तांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

तिनं घाईघाईनं यंत्र बंद केलं. "काय झालं? धूळ गेली का? त्रास होतोय?"

त्यांनी मान हलवली. नाही. त्यांना बोलता येत नव्हतं आणि या वेळी ते छातीमुळे नव्हतं.

तूबानं फडक्याच्या टोकानं स्वतःचं नाक पुसलं, यंत्र पुन्हा चालू केलं आणि ते घेऊन खुर्चीपाशी परत आली.

"इथे राहिलंय अजून," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उचला बघू पाय."